खेळ 'आणि' काम : दोन प्रोसेसरांची समीक्षा



आजचा विषय तुमच्याकडूनच आलेला आहे. गेल्या काही व्याख्यानांनंतर वेगवेगळ्या शब्दांत पण एकच प्रश्न येत राहिला. "गेमिंगही करायचंय आणि कामही करायचंय, मशीन एकच घेणं परवडतंय, तर प्रोसेसर कोणता घ्यावा?" प्रश्न साधा वाटतो. पण त्यात मधे जो 'आणि' बसला आहे ना, सगळी गोम तिथे आहे. हा 'आणि' कोणाला किती किमतीला पडतो, हे आज आपण बघणार आहोत.

त्यासाठी आम्ही दोन प्रोसेसर निवडले आहेत. पहिला एएमडीचा रायझन ७ ७८००एक्सथ्रीडी. हा एप्रिल २०२३ मध्ये ४४९ डॉलरला बाजारात आला. दुसरा इंटेलचा कोअर आय९-१४९००के. हा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ५८९ डॉलरला आला. नावं लांबलचक आहेत, म्हणून पुढे आम्ही नुसतं 'रायझन' आणि 'आय९' म्हणू.

तुम्ही म्हणाल, हे तर जुने झाले, यांच्यानंतर नवे आले की! बरोबर आहे, आणि म्हणूनच आम्ही हे घेतले. चिप बाजारात येते त्या दिवशी केलेली तुलना म्हणजे लग्नाच्या दिवशी मांडवात उभं राहून केलेली संसाराची समीक्षा. वाजंत्री चालू असते, सगळे छान दिसत असतात. या दोघांचा संसार आता बराच झालेला आहे. कोणी काय दिलं, कोणी काय लपवलं, हे समोर आलंय. पहिल्या दिवशीच्या आलेखांत जे दिसलं ते, आणि जे दिसलंच नाही ते, दोन्ही आपल्याला शेजारी ठेवता येतं.

वाट पाहण्याचे दोन प्रकार

सुरुवात आकड्यांपासून न करता वाट पाहण्यापासून करू. संगणकासमोर बसलेला माणूस दोन प्रकारे वाट पाहतो.

पहिला प्रकार खेळणाऱ्याचा. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं यायची असतील, तर एका चित्रासाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर ७ मिलिसेकंदांपेक्षाही थोडे कमी. २४० हर्ट्झ असेल तर जेमतेम ४. तेवढ्या वेळात शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, भिंत कुठे आहे, हे सगळं ठरवून प्रोसेसरने ग्राफिक्स कार्डाला 'हे काढ' असं सांगायचं असतं. आणि हे चित्र झालं की लगेच पुढचं. दहा चित्रं आधीच करून ठेवता येत नाहीत, कारण पुढच्या क्षणी तुम्ही माउस कुठे फिरवणार हे कोणालाच ठाऊक नसतं.

दुसरा प्रकार काम करणाऱ्याचा. ब्लेंडरमध्ये एक दृश्य रेंडर करायचंय, मोठा प्रोग्राम कंपाइल करायचाय, लग्नाचा तीन तासांचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करायचाय. इथे एखादा तुकडा चार मिलिसेकंद उशिरा झाला तरी काही बिघडत नाही. सगळं मिळून केव्हा संपतं, एवढाच प्रश्न.

घरातलं उदाहरण घ्या. पानावर बसलेल्याला तव्यावरची गरम पोळी एकामागून एक वाढायची, हा पहिला प्रकार. ती वाढायला एकच चपळ हात लागतो आणि लागणारं सगळं त्या हाताशी असावं लागतं. पन्नास माणसं मदतीला आली तरी तवा एकच असतो. आणि लग्नाचा पाचशे पानांचा स्वयंपाक, हा दुसरा प्रकार. तिथे जितके हात तितकं बरं.

आपले दोन प्रोसेसर म्हणजे या दोन स्वयंपाकघरांसाठी दिलेली दोन उत्तरं आहेत. दोघांच्याही खोक्यांवर दोन्ही कामं जमतील असं ध्वनित केलेलं असतं. जमतातही. पण कोणाचा कल कुठे आहे, हे त्यांच्या बांधणीतच लिहिलेलं आहे.

रायझनची बांधणी : हाताशी असलेला डबा

रायझनमध्ये ८ कोअर आहेत, १६ थ्रेड. कमाल क्लॉक ५ गिगाहर्ट्झ. हे आकडे काही डोळे दिपवणारे नाहीत. त्याचं वैशिष्ट्य एकाच आकड्यात आहे. त्याचा तिसऱ्या पातळीचा कॅशे ९६ मेगाबाइट आहे. आय९चा ३६ आहे.

कॅशे म्हणजे काय? ओट्यावरचा मिसळणाचा डबा. हळद, तिखट, मोहरी, जिरं, जे वारंवार लागतं ते हाताशी. रॅम म्हणजे आतल्या खोलीतली कोठी. तिथे सगळं असतं, पण उठून जावं लागतं. ढोबळमानाने कॅशेमधून माहिती यायला १०-१२ नॅनोसेकंद लागतात, रॅममधून ७०-८०. ऐकायला दोन्ही क्षुल्लक. पण ५ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्या वेळात साडेतीनशेच्या वर ठोके पडून जातात. म्हणजे कोठीत गेलेला माणूस परत येईपर्यंत स्वयंपाकी साडेतीनशे वेळा हात हलवू शकला असता, पण बसून राहिला.

खेळ हा प्रकार नेमका असा आहे की त्याला सारखं काहीतरी विस्कळीत ठिकाणाहून लागतं. हा सैनिक, ते झाड, त्या गाडीचा वेग. फॅक्टोरिओसारखा कारखान्यांचा खेळ किंवा मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर घ्या, तिथे मोठ्या कॅशेचा फायदा फार ठळक दिसतो. डबा मोठा असेल तर कोठीत जाणं कमी होतं.

एएमडीने हा डबा मोठा कसा केला? चिपवर चिप चढवली. मुळातल्या ३२ मेगाबाइटवर ६४ मेगाबाइटचा एक पातळ थर रचला. ही युक्ती त्यांनी घरगुती प्रोसेसरमध्ये प्रथम २०२२ साली ५८००एक्सथ्रीडीमध्ये आणली होती.

पण फुकट काहीच मिळत नाही. वर थर आला की खालच्या कोअरची उष्णता बाहेर पडायला अडथळा होतो. शिवाय हा थर जास्त व्होल्टेज सोसत नाही. म्हणून क्लॉक कमी ठेवावा लागला. त्याच पिढीतला साधा ७७००एक्स ५.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, हा ५ वर थांबतो. याचा परिणाम असा की रेंडरिंगमध्ये हा महाग रायझन आपल्याच घरातल्या स्वस्त ७७००एक्सच्या थोडा मागे पडतो. ही गोष्ट अनेक दुकानांत सांगितली जात नाही. तुमचं काम फक्त रेंडरिंगचं असेल, तर वरच्या थराचे पैसे तुम्ही हळू चालण्यासाठी मोजता आहात.

आय९ची बांधणी : आठ आचारी, सोळा मदतनीस

आता आय९ बघू. यात २४ कोअर आहेत, पण सगळे एका जातीचे नाहीत. ८ मोठे, दमदार कोअर, आणि १६ छोटे, काटकसरी कोअर. एकूण थ्रेड ३२. मोठ्यांपैकी निवडक कोअर ६ गिगाहर्ट्झपर्यंत धावतात. म्हणजे आठ आचारी आणि सोळा मदतनीस. मदतनीस एकेकटे फार काही करणार नाहीत, पण कांदे चिरायला सोळा जण बसले तर ढीग बघता बघता संपतो.

सिनेबेंचसारख्या चाचणीत, जिथे सगळे कोअर एकाच कामाला जुंपले जातात, आय९चे गुण रायझनच्या दुपटीच्या आसपास जातात. हा फरक छोटा नाही. एक तासाचं काम आणि दोन तासांचं काम, एवढा हा फरक आहे.

आणखी एक गोष्ट आय९च्या बाजूने सांगायलाच हवी, कारण ती आपल्याकडे फार जणांच्या पोटाशी जोडलेली आहे. लग्नाचं चित्रीकरण करणारे आता जे कॅमेरे वापरतात, त्यांतले बरेच १० बिट ४:२:२ प्रकारचं एचईव्हीसी चित्रीकरण करतात. हे चित्र संपादन करताना उलगडणं जड काम असतं. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये जे ग्राफिक्स बसवलेलं असतं, त्यातली 'क्विक सिंक' ही सोय हे काम स्वतःच्या अंगावर घेते. रायझनमधल्या छोट्या ग्राफिक्सला ते जमत नाही. आणि त्या काळच्या एनव्हीडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेच्या महागड्या कार्डांनाही जमत नव्हतं, ते पुढच्या ५० मालिकेत आलं. म्हणजे टाइमलाइनवर पुढे-मागे करताना जी अडखळ होते, ती कमी करायला इथे कोअरची संख्या किंवा कॅशे कामाला येत नाही, तर एक छोटासा, जाहिरातीत कोपऱ्यात लिहिलेला भाग कामाला येतो.

'वर्कस्टेशन' हा शब्द आम्हांला म्हणूनच फसवा वाटतो. ब्लेंडरवाला रेंडरिंग ग्राफिक्स कार्डावर करत असेल तर त्याला प्रोसेसरच्या २४ कोअरचा फार उपयोग नाही. ऑटोकॅडमध्ये घराचे नकाशे काढणाऱ्याचं बहुतेक काम एकाच कोअरवर चालतं, त्याला ६ गिगाहर्ट्झ उपयोगी, बाकीचे तेवीस कोअर बसून राहतील. प्रोग्राम कंपाइल करणाऱ्याला सगळे कोअर हवेत. आणि टॅलीत हिशोब लिहिणाऱ्याला या दोहोंपैकी एकाचीही गरज नाही. चौघंही सांगतात की आम्ही 'काम' करतो.

आलेख काय दाखवतात, काय झाकतात

आता खेळांच्या चाचण्यांकडे वळू. पहिल्या महिन्यांतल्या समीक्षा तुम्ही पाहिल्या असतील. त्यांत सरासरीने रायझन आय९च्या थोडा पुढे दिसतो. काही खेळांत बराच पुढे, काहींत आय९ पुढे. हे निष्कर्ष खोटे नाहीत. पण ते कोणत्या परिस्थितीत काढले?

बहुतेक चाचण्या १०८०पी या रिझोल्यूशनवर आणि आरटीएक्स ४०९० या कार्डावर झाल्या. त्या कार्डाची किंमतच १५९९ डॉलर होती. असं का करतात? कारण ग्राफिक्स कार्ड अडथळा ठरू नये आणि फक्त प्रोसेसरमधला फरक दिसावा. चाचणीची रीत म्हणून हे योग्यच आहे. पण ४०९० घेणारा माणूस १०८०पीवर खेळतो का? आणि १०८०पीवर खेळणाऱ्याकडे ४०९० असतं का? आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मध्यम किमतीचं कार्ड असतं. तिथे कार्डच आधी दमतं. ४के रिझोल्यूशनवर तर भारी कार्डसुद्धा दमतं, आणि मग या दोन प्रोसेसरांतला फरक बहुतेक खेळांत बोटाने दाखवायलाही उरत नाही.

पोळीचंच उदाहरण पुढे नेऊ. लाटणारा कितीही वेगवान असला तरी तवा लहान असेल तर पोळी तव्याच्याच वेगाने मिळणार.

म्हणून आमचं पहिलं म्हणणं असं: तुमचं ग्राफिक्स कार्ड मध्यम असेल, तर खेळासाठी या दोघांची तुलना करणं हाच मुळात चुकीच्या जागी खर्च केलेला विचार आहे. दोघांपेक्षा स्वस्त प्रोसेसर घ्या, उरलेले पैसे कार्डात घाला.

सरासरीबद्दलही एक शब्द. सरासरी १५० चित्रं येतात असं म्हटलं, तरी मधेच एखादं चित्र ४० मिलिसेकंदांनी आलं तर डोळ्याला ठेच लागते. त्यासाठी समीक्षेत 'वन पर्सेंट लो' म्हणून आकडा देतात, म्हणजे सर्वांत मंद एक टक्का चित्रांचा वेग. आलेख बघताना आधी तो बघत जा. मोठ्या कॅशेचा लाभ अनेकदा तिथे जास्त जाणवतो.

विजेचा आणि उन्हाचा हिशोब

आय९ची कमाल टर्बो शक्ती इंटेलने २५३ वॅट दिली आहे. पण अनेक मदरबोर्ड कारखान्यातूनच ही मर्यादा उठवून येत असत आणि मग तो ३०० वॅटच्या आसपास किंवा वरही जाई. रायझनवर १२० वॅट लिहिलेलं आहे, पण प्रत्यक्षात सगळे कोअर कामाला लावले तरी तो साधारण ९० वॅटच्या आत राहतो, खेळताना त्याहून खाली.

आता इथे लगेच 'आय९ वीज खातो' असं म्हणून मोकळं होऊ नका. हिशोब नीट करू. एक रेंडर आय९वर एका तासात झाला, २५३ वॅटने. म्हणजे ०.२५३ युनिट. तोच रायझनवर दोन तासांत, ८५ वॅटने धरू. ०.१७ युनिट. रायझन स्वस्त पडला. पण संगणक म्हणजे नुसता प्रोसेसर नाही. मॉनिटर, बोर्ड, डिस्क, पंखे मिळून समजा १०० वॅट आणखी लागतात. मग आय९चं एक तासाचं काम ०.३५३ युनिट, रायझनचं दोन तासांचं काम ०.३७ युनिट. जवळपास बरोबरी! काम लवकर संपवून मशीन बंद करणारा माणूस आय९ने विजेत काही फार गमावत नाही. गमावतो तो, जो आय९ घेऊन त्यावर रोज चार तास खेळतो. तिथे काम 'लवकर संपत' नाही, चार तास ते चारच तास राहतात.

बिलापेक्षा उष्णतेचा प्रश्न आपल्याकडे मोठा आहे. आय९ची तापमानमर्यादा १०० अंश सेल्सियस, रायझनची ८९. पाश्चात्त्य समीक्षेत खोलीचं तापमान वीस-बावीस अंश धरलेलं असतं. मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला, जिथे बाहेर ४५ अंश असतात, तिथे कूलरच्या खोलीतही ३२-३५ सहज असतात. कोणताही पंखा किंवा पाण्याचा कूलर चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणजे समीक्षेत ८५ अंशांवर दिसलेली चिप तुमच्याकडे ९५च्या पुढे असेल आणि वेग आपोआप कमी करेल. शिवाय २५३ वॅट म्हणजे खोलीत एक छोटी शेगडी पेटवून ठेवल्यासारखंच. आय९ला ३६० मिलिमीटरचा पाण्याचा कूलर लागतो, रायझन चांगल्या साध्या हवेच्या कूलरवर राहतो. हा खर्च प्रोसेसरच्या किमतीत मिळवायला हवा.

आणि यूपीएस. आपल्याकडे घरोघरी ६०० व्हीएचे यूपीएस असतात, त्यांची खरी क्षमता साधारण ३६० वॅट. आय९ आणि एक बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड दोन्ही जोरात असताना वीज गेली, तर तो यूपीएस मशीन सावरणार नाही. रेंडर गेला. हे कुठल्याच आलेखात नसतं.

जे पहिल्या दिवशी दिसलंच नाही

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आजचं व्याख्यान खरं तर यासाठी आहे.

२०२३च्या शेवटापासून इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांबद्दल तक्रारी वाढू लागल्या. खेळ सुरू होताना बंद पडायचे. पडद्यावर संदेश यायचा की ग्राफिक्सची मेमरी संपली. गंमत म्हणा किंवा क्रूर थट्टा म्हणा, मेमरी संपलेली नसायची. दोष प्रोसेसरमध्ये होता आणि लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसायचे. एप्रिल २०२४ मध्ये एनव्हीडियाने अशा ग्राहकांना इंटेलकडे जायला सांगितलं. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर प्रमाणापेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड आला, सप्टेंबरमध्ये आणखी एक. वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण एक गोष्ट दुरुस्त होण्यासारखी नव्हती: ज्या चिपची झीज झाली, ती झाली. नवा मायक्रोकोड पुढची झीज रोखतो, झालेली भरून काढत नाही.

आता न्याय दोन्हीकडे करू. रायझनही अगदी सोवळा नव्हता. एप्रिल २०२३ मध्येच, बाजारात आल्यावर काही आठवड्यांत, ७८००एक्सथ्रीडी जळाल्याची, सॉकेटमध्ये फुगल्याची छायाचित्रं आली. काही मदरबोर्ड चिपच्या एका भागाला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते. एएमडीने ती मर्यादा १.३ व्होल्टवर बांधली, बोर्डवाल्यांनी नवे बायोस दिले, आणि प्रकरण तुलनेने लवकर आटोक्यात आलं. इंटेलच्या बाबतीत मात्र तेरावी पिढी ऑक्टोबर २०२२ मध्ये आली आणि मूळ कारणाचा पूर्ण खुलासा सप्टेंबर २०२४ मध्ये झाला. जवळजवळ दोन वर्षं.

दोन्ही प्रकरणांची मुळं शेजारीशेजारी आहेत. पहिल्या दिवशीच्या आलेखात दोन टक्क्यांनी पुढे दिसायचं, म्हणून बोर्डवाले मर्यादा उठवतात, व्होल्टेज वाढवतात. चिप बनवणारे बराच काळ तिकडे काणाडोळा करतात, कारण त्यांचाही आकडा वाढतो. समीक्षक तो आकडा छापतात. आणि आपण, म्हणजे तुम्ही-आम्ही, तो आकडा बघून पैसे देतो. या साखळीत आपणही आहोत, हे आधी कबूल करायला हवं. सहा गिगाहर्ट्झ हा आकडा आपल्याला हवा होता म्हणून कोणीतरी तो खोक्यावर छापला.

आमचा आक्षेप आय९च्या वेगावर नाही. तो वेग खरा होता. आक्षेप असा की ज्याचं पोट त्या मशीनवर आहे, त्याच्यासाठी वेगाच्या आधी दुसरा प्रश्न येतो: हे मशीन तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये, लग्नसराईच्या ऐन गर्दीत, आजच्यासारखंच चालेल का? वर्कस्टेशन या शब्दाचा आमच्या लेखी अर्थ तोच. भरवशाचं यंत्र. आय९ रेंडरमध्ये दुप्पट वेगवान आहे आणि तरीही त्या अर्थाने, त्या दोन वर्षांत, तो वर्कस्टेशनचा प्रोसेसर म्हणून कमी पडला. आणि खेळासाठी म्हणून विकलेला रायझन, कमी व्होल्टेज, कमी उष्णता आणि सक्तीने बांधलेली मर्यादा यांमुळे, कामाच्या माणसाला हवा तो गुण जास्त बाळगून निघाला. त्याच्या वरच्या थराने त्याला जोरात धावूच दिलं नाही, आणि तेच त्याच्या पथ्यावर पडलं.

मग घ्यायचं काय?

समीक्षकाने शेवटी काठावर बसू नये. आमचा निकाल असा.

ज्याचा मुख्य वापर खेळ आहे, कार्ड भारी आहे आणि काम अधूनमधून आहे, त्याने रायझन घ्यावा. त्याचा एएम५ सॉकेटही पुढे चालू राहिला आहे. त्याच बोर्डावर पुढची ९००० मालिका बसते. आय९चा एलजीए१७०० सॉकेट मात्र चौदाव्या पिढीपाशी संपला.

ज्याचं पोट रेंडरिंगवर किंवा कंपाइलवर आहे आणि जो दिवसा मशीनसमोर बसून ते संपायची वाट पाहतो, त्याने वेळ मोजावा. रोज एक तास वाचत असेल, तर महिन्याचे पंचवीस दिवस धरून पंचवीस तास वाचतात. ते पैशांत मोठे आहेत. त्याला जास्त कोअर हवेतच. पण तुम्ही रेंडर रात्री लावून झोपत असाल, तर दोन तास लागोत की चार, सकाळी काम तयारच असतं. मग त्या दुप्पट वेगाचे पैसे तुम्ही कोणासाठी देता?

४:२:२चं व्हिडिओ संपादन करणाऱ्याने इंटेलकडे गंभीरपणे बघावं, पण त्यासाठी आय९च लागतो असं नाही. ती क्विक सिंकची सोय त्याच घराण्यातल्या खालच्या, थंड डोक्याच्या प्रोसेसरांतही असते. फक्त ग्राफिक्स नसलेला, शेवटी 'एफ' लिहिलेला प्रोसेसर घेऊ नका.

आणि 'दोन्ही एकातच हवं' म्हणणाऱ्यांसाठी एएमडीने ७९५०एक्सथ्रीडी काढला होता, ६९९ डॉलरला. १६ कोअर, पण मोठा कॅशे त्यांतल्या आठांवरच. खेळ चालू असताना विंडोजने ओळखून त्याला त्या आठ कोअरांकडे पाठवायचं. बहुतेक वेळा ते जमतं, कधी चुकतं. 'आणि'ची किंमत अशी असते: पैशांतही आणि गुंतागुंतीतही.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*लॅमिंग्टन रोडला जुना १४९००के स्वस्तात मिळतोय. घ्यावा का?*

आमचं उत्तर सरळ आहे: इतिहास कळल्याशिवाय नाही. ती चिप जुन्या बायोसवर किती महिने चालली, हे तिच्याकडे बघून कळत नाही. विकणाऱ्याकडे मूळ बिल आहे का, वाढीव वॉरंटी तुमच्या नावे चालेल का, हे लेखी विचारा. घ्यायचाच झाला तर आधी नवा बायोस टाका, बोर्डात इंटेलच्या मूळ मर्यादा चालू करा, आणि पैसे पूर्ण देण्याआधी मोठी झिप फाइल उलगडणं, खेळाचे शेडर तयार करणं अशी कामं करून बघा. दोष तिथे आधी डोकं वर काढतो.

*९८००एक्सथ्रीडी आल्यावर ७८००एक्सथ्रीडीला अर्थ उरला का?*

नोव्हेंबर २०२४ मध्ये ४७९ डॉलरला आलेल्या ९८००एक्सथ्रीडीत एएमडीने कॅशेचा थर कोअरच्या वरून काढून खाली नेला. त्यामुळे उष्णता सुटायला वाट मिळाली, क्लॉक ५.२ झाला, आणि रेंडरिंगमधला कमीपणा बराच भरून निघाला. कोअर मात्र आठच. नवं मशीन बांधत असाल आणि भाव जवळजवळ असेल तर नवाच घ्या. ज्याच्याकडे आधीच ७८००एक्सथ्रीडी आहे, त्याने मात्र आलेख बघून बेचैन होऊ नये. आपलं ग्राफिक्स कार्ड खेळताना किती टक्के कामात आहे, ते आज रात्री एकदा बघा. ते नव्याण्णव टक्क्यांवर असेल, तर नवा प्रोसेसर घेऊन तुम्हांला काहीही मिळणार नाही.

आज इथेच थांबू.